अखेरचे वळण

वीस इंची चाकांची चिमुकली सायकल, मातीचे उंचवटे आणि एकाच वेळी सुटणारे आठ स्पर्धक! बी.एम.एक्स. ही शर्यत पाऊण मिनिटाच्या आत संपते. परंतु तेवढ्यात धैर्याची कसोटी लागते.

इंग्लंडमधील क्रू या गावी १९८८ साली जन्मलेल्या शानेझ रीडने बालपणीच या शर्यतीचा ध्यास घेतला. २००७ आणि २००८ साली ती जगज्जेती ठरली. त्याच दोन वर्षी लाकडी धावमार्गावर, ब्रेक नसलेल्या सायकलवर, व्हिक्टोरिया पेंडलटनच्या साथीने तिने सांघिक वेगशर्यतीचेही जगज्जेतेपद मिळविले. पहिल्या फेरीत वाऱ्याला तोंड देऊन जोडीदारणीला वेग मिळवून द्यायचा आणि मग आपण बाजूला व्हायचे, हे तिचे काम होते.

२००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये बी.एम.एक्स. शर्यत प्रथमच झाली. अंतिम फेरीत फ्रान्सची आन-कॅरोलिन शॉसाँ सर्वांच्या पुढे होती आणि रीड तिच्या पाठोपाठ. रौप्यपदक जणू हाती आलेच होते. पण रीडला आस होती सुवर्णाची. अखेरच्या वळणावर पुढे जाऊ पाहताना तिचे चाक पुढच्या सायकलीला लागले आणि ती कोसळली. सुवर्ण गेले, रौप्यही गेले.

हा अविचार की धाडस? वाचकांनीच ठरवावे. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत ती तिसऱ्यांदा जगज्जेती झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती सहावी आली; ऑलिंपिक पदक तिला लाभले नाही. तथापि पडण्याचे दुःख अनुभवूनही ती पुन्हा त्याच उंचवट्यांना सामोरी गेली, हेच तिच्या पराक्रमाचे खरे मोल होय.