चामोर्शीहून सायकलीवर

गेल्या दिवाळीत माझा हॉलंडनिवासी पुतण्या चार दिवस आमच्याकडे चामोर्शीस येऊन राहिला होता. तिकडील सायकलप्रवासाचा एक नकाशा त्याने आम्हांस दाखविला. त्यावर रस्त्यांच्या नावांऐवजी नुसते आकडे होते. जेथे दोन सायकलमार्ग मिळतात तेथे एका आकड्याचा फलक असतो. प्रवाशाने सकाळी पाच-सहा आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर टिपून घ्यावेत आणि खुशाल निघावे. ही युक्ती शेजारच्या बेल्जियममध्ये, लिम्बुर्ग प्रांतात 1995 साली निघाली आणि हॉलंडने ती उचलली, असे त्याने सांगितले.

माझी नात नववीत शिकते. ती म्हणाली, "आजोबा, आपल्या तालुक्याचा असा नकाशा आपण करू या. मग आपण दोघे जाऊ." माझे वय सदुसष्ट, परंतु शाळेत असताना तीस वर्षे सायकलच माझे वाहन होती. मी होकार दिला. वही उघडून आजा-नातीने तीन दिवसांचा बेत आखला, तो वाचकांपुढे ठेवतो.

काळ निवडला मार्गशीर्ष-पौषाचा. पावसाळ्यात येथील नाले केव्हा फुगतील आणि वाट केव्हा अडेल याचा नेम नसतो. चैत्रानंतर ऊन सोसवत नाही. मार्गशीर्षात धानाची कापणी आटोपत आलेली असते, तलावांत पाणी असते आणि सकाळी अंगास गार वारा लागतो.

पहिला दिवस मार्कंड्याचा. शिवनी जिल्ह्यात उगम पावून दक्षिणेकडे येणारी वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणाच्या तीरावर मार्कंडेश्वराचे प्राचीन मंदिर उभे आहे. पुराणवस्तुसंशोधक कनिंगहॅम याने 1873 ते 1875 या काळातील आपल्या मध्यप्रांताच्या प्रवासवृत्तांतात या देवालयसमूहाचे वर्णन केले आहे. भिंतींवरील मूर्तींच्या रांगा पाहावयास अर्धा दिवसही अपुरा पडतो. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. सायकलस्वाराने तो दिवस टाळून एरवीची निवांत सकाळ साधावी.

दुसरा दिवस घोटच्या वाटेचा. तेथून पुढे मुलचेऱ्याकडे जाताना जंगल लागते. या भागात वाघाचा वावर आहे, ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही. म्हणून दोन नियम लिहिले: ऊन चांगले वर आल्यावाचून जंगलाच्या वाटेस लागावयाचे नाही, आणि दिवस मावळण्याच्या बऱ्याच आधी गावात परतावयाचे. वनरक्षकास विचारल्याशिवाय पुढे जावयाचे नाही, हा तिसरा नियम नातीने घातला. सामानात पंक्चरची पेटी, हवेचा पंप, पाणी आणि शिदोरी. आणि हिवतापाचा प्रदेश असल्याने मुक्कामासाठी मच्छरदाणी.

तिसरा दिवस आष्टीवरून चपराळ्याचा. तेथे वर्धा आणि वैनगंगा एकमेकींस भेटतात आणि प्राणहिता हे नाव धारण करून पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळतात. संगमाभोवतीचे अरण्य 1986 पासून अभयारण्य आहे. नातीचे सारे लक्ष याच दिवसावर होते.

येथे मात्र सूनबाईंनी हरकत घेतली. "मामंजी, त्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक धावतात. मी तिला पाठवणार नाही." मला हे थोडे अतिरेकी वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या रस्त्याच्या कडेस जाऊन उभा राहिलो. सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज वाहणारे ट्रक एकामागून एक जात होते, आणि डांबराच्या अगदी कडेने, दप्तर पाठीस लावून, शाळकरी मुली सायकली हाकीत होत्या. ट्रक आला की त्या डांबर सोडून मुरुमात उतरत, तो गेला की पुन्हा वर चढत. मानव विकास कार्यक्रमातून शासनाने मुलींना सायकली दिल्या, म्हणून त्यांची शाळा सुटली नाही. आम्ही एका दिवसाच्या सहलीची चिंता करीत होतो. त्यांचा हा रोजचा प्रवास होता.

घरी येऊन पुतण्यास पत्र धाडले. त्याचे उत्तर आले ते असे की, हॉलंडही मुळापासून सायकलींचा देश राहिला नव्हता. मोटारी वाढल्या तशा सायकली मागे सरल्या. 1971 साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चारशेंवर मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतर हळूहळू सायकलींचे वेगळे मार्ग झाले. आकड्यांचे फलक त्याच्याही पुष्कळ नंतरचे.

आमचा बेत आता थोडा बदलला आहे. तिसऱ्या दिवशी सायकली टेम्पोत घालून आष्टीपर्यंत जावयाचे आणि पुढे चपराळ्यास सायकलीवर. सूनबाईंनी यास संमती दिली. नातीने मात्र वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक नकाशा काढला आहे. त्यात संगम नाही की देऊळ नाही; तिच्या वर्गमैत्रिणी कोणकोणत्या गावांहून येतात आणि कोठे रस्त्यास कड नाही, एवढेच त्यात आहे. त्या नकाशासोबत कडेच्या वाटेसाठी अर्ज लिहून देण्याचे काम तिने मजकडे सोपविले आहे. सहल पौषात निघेल. अर्ज मी त्याआधी देणार आहे.