वाळूवरचे ठसे

मुलांनो, सकाळी शाळेत येताना तुम्ही वाटेवर काय बघता? आमच्या राजुरीची मुलं ठसे बघतात! राजुरी म्हणजे जुन्नर तालुक्यातलं, आळेफाट्याजवळचं आमचं गाव. चहूकडे ऊस, आणि उसाच्या आडोशाला बिबट्या. ओल्या बांधावर गोल ठसा दिसला, की मुलं आधी नखं उमटलीत का ते पाहतात. नखं दिसली तर बहुधा कुत्रा. नसली तर बिबट्या! कारण मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. मग सगळी मुलं घोळक्याने, मोठमोठ्याने बोलत शाळेत येतात. ही गंमत नाही, बरं का. आमच्या भागात बिबट्याने माणसांचे, लहान मुलांचेही जीव घेतले आहेत. त्यामुळे रानातला प्राणी म्हटलं, की आमच्या मुलांच्या पोटात गोळाच येतो.

गुढीपाडव्याला जोडून सुट्टी मिळाली, तेव्हा माझ्या चौथीतल्या मुलीने आणि सातवीतल्या भाच्याने समुद्राचा हट्ट धरला. म्हटलं, चला वेळासला! तिथं भिऊन नव्हे, तर जवळ बसून बघता येईल असा एक पाहुणा येतो.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे इथलेच. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरलो, माणगाव मागे टाकलं, आंबेतला सावित्री नदी ओलांडली आणि मंडणगडमार्गे वेळासला पोचलो. तिथं हॉटेलात नाही, गावकऱ्यांच्या घरातच उतरायचं. आम्ही उतरलो त्या घरच्या काकूंनी केळीच्या पानावर तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. आमची बाजरीची भाकरी खाणारी मंडळी खूश!

संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो आणि भाचा ओरडला, "मावशी, रांगोळी बघ!" ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षीच पसरली होती. ती काढतात इवलेसे खेकडे. वाळूच्या कणांना चिकटलेलं खाणं ते तोंडाने वेगळं करतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतात. भरती आली की रांगोळी पुसली जाते, ओहोटीला पुन्हा नवी! मुलीने एक सुंदर शंख उचलला, तर त्यातून पायच बाहेर आले. आत शंखातला खेकडा होता. त्याचं मागचं अंग मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात घर करतो. आपण रिकामे शंख पिशव्या भरभरून नेले, तर त्याने राहायचं कुठं? मुलीने शंख हळूच खाली ठेवला. वर आकाशात तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार फिरत होती. मग मुलांनी पकडापकडी सुरू केली आणि सगळी वाळू तुडवून काढली. मीही त्यांच्यामागे धावले. तेव्हा काही वाटलं नाही.

आता आपला पाहुणा कोण, ते सांगते. ऑलिव्ह रिडले नावाचं समुद्री कासव! हिवाळ्यात रात्रीच्या वेळी मादी वाळूवर येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. मागे उरतो तो फक्त तिचा माग. ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा! पूर्वी तो माग पाहून लोक अंडी काढून न्यायचे. कोल्हे-कुत्रीही उकरायची. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. आता गावातलेच लोक पहाटे माग शोधतात, अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. आणखी एक नवल सांगू? वाळू जास्त उबदार असली, तर पिल्लांमध्ये माद्या अधिक निघतात!

घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोरीबाहेर श्वास रोखून उभे राहिलो. टोपली उचलली... आत नुसती वाळू! संध्याकाळीही तेच. भाचा हिरमुसला. म्हटलं, "अरे, हे काय सर्कशीतलं कासव आहे, वेळेवर यायला?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र टोपलीखाली पाच पिल्लं होती! काळपट राखी रंगाची, तळहातावर सहज मावतील एवढी. त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडलं. समुद्राकडचा उजेड हेरून ती वल्ह्यांसारखे पाय मारत निघाली. चार पुढे गेली. पाचवं मात्र एकाएकी दिसेनासं झालं.

ते माणसाच्या पावलाच्या ठशात पडलं होतं. दोरीच्या आतली वाळू गावातल्या दादांनी सारखी केली होती, पण एक ठसा राहून गेला होता. कुणाचा? आदल्या दिवशी धावलेल्या आमच्यापैकीच कुणाचा तरी. आपल्याला जो साधा ठसा, तो त्या पिल्लाला विहिरीसारखा! ते चढायचं, वाळू ढासळायची, ते पुन्हा आत. भाच्याने दोरीखालून हात पुढे केला.

"हात नको लावूस," दादा म्हणाले, "त्याचं त्याला चालू दे."

या चालण्यातच किनाऱ्याची ओळख पिल्लाच्या मनात ठसते, असं शास्त्रज्ञांना वाटतं. मोठी झालेली मादी अनेक वर्षांनी सहसा जन्मलेल्या भागातच अंडी घालायला येते. सहसा, पण नेहमी नाही! २०२१ साली ओडिशात पायाला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून थेट पश्चिम किनाऱ्यावर!

पिल्लू तिसऱ्यांदा चढलं, कडेवर क्षणभर थांबलं आणि बाहेर आलं. लाट आली आणि त्याला घेऊन गेली. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलीने विचारलं, "आई, याला आपण भ्यायचं नाही ना?"

"नाही गं. इथं त्यानं आपल्याला भ्यायचं."

ती गप्प झाली. मोठं होईपर्यंत हजारातलं एखादंच पिल्लू वाचतं, असं म्हणतात. खेकडे, पक्षी, मासे त्यांना खातात. तो निसर्गाचा नियमच आहे. पण आपला ठसा, आपल्या टॉर्चचा झोत, आपली प्लॅस्टिकची पिशवी? ते तर आपल्याच हातात आहे ना?

परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ विचारात होता. मग म्हणाला, "मावशी, ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात, तेव्हा वनखात्याचे लोक ते पुन्हा तिथंच ठेवतात ना? आई रात्री येऊन नेते म्हणून?" मी म्हटलं, "हो." "म्हणजे तिथंही आपण लांबच राहायचं." एवढंच बोलून तो खिडकीतून बाहेर बघू लागला.

बिबट्याची भीती आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही. अंधारात एकटं फिरायचं नाही, हा नियम आमच्याकडे आहेच. पण आता वर्गात ठशांचं चित्र काढताना मुलं बिबट्याच्या ठशाशेजारी माणसाचाही ठसा काढतात.

तुम्ही समुद्रावर जाल, तेव्हा भरपूर खेळा, डुंबा, खेकड्यांची रांगोळी बघा. फक्त कासवांच्या जागी दोरीबाहेर राहा, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. आणि परत निघताना एकदा मागे वळून आपले ठसे नक्की बघा!