नाण्यावरची रेघ

वस्तूत दोष निघाला म्हणजे तिची किंमत उतरावी, हा जगाचा साधा व्यवहार. नाण्यांच्या शौकिनांनी मात्र हा न्याय उलटा केला आहे. टाकसाळीच्या हातून चुकलेले आणि तपासनिसाच्या नजरेतून निसटलेले नाणे त्यांना बिनचूक नाण्याहून प्रिय. या आवडीला आमचा आक्षेप नाही. परंतु टाकसाळीची चूक कोणती आणि जगाने केलेली खोडी कोणती, हा विवेक सुटला म्हणजे काय प्रसंग ओढवतो, ते आम्ही अलीकडे आमच्या सिहोऱ्यात पाहिले. म्हणून हे चार शब्द.

टाकसाळीतून बाहेर पडल्यावर नाण्याच्या नशिबी काय काय येते याची गणती नाही. तुमसर-तिरोडी लोहमार्गावर पोरे रुपया ठेवतात आणि गाडी गेली की त्याची पापडी उचलून आणतात. वैनगंगेच्या पुलावरून श्रद्धाळू प्रवासी नाणे सोडतो. ते गाळात काळवंडते, आणि एखादा मुलगा दोरीला लोहचुंबक बांधून ते पुन्हा बाजारात आणतो. कोणी त्याला भोक पाडून लेकराच्या गळ्यात बांधतो. भोकावरून आठवले. १९४३ साली युद्धाच्या टंचाईत जो भोकाचा पैसा निघाला, त्याचे भोक टाकसाळीनेच जाणूनबुजून पाडलेले होते. आमच्या आजीच्या डब्यात असे पाच-सहा पैसे होते. तेव्हा भोक दिसले की चूक, असाही नियम करता येत नाही.

नियम करायचा तर टाकसाळीत काय घडते ते पाहिले पाहिजे. धातूच्या पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड उचलून घेतात, आणि मग चकती कड्यात बसवून वरखालच्या दोन पोलादी ठशांमध्ये दाबतात. चूक व्हायची ती चकतीत, ठशात किंवा दाबण्यात. ठशाला तडा गेला, की दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उठते ती वर आलेली. खिळ्याची वा दगडाची रेघ आत गेलेली असते. एवढा भेद नखाने चाचपून कळतो. भिंगाचीही गरज नाही. पत्रा कापताना यंत्र आधीच्याच भोकावर पडले, तर चकतीला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. अशा चकतीची कड उचलताना चाव्याकडून आधार मिळत नाही, म्हणून त्याच्या बरोबर समोरची कडही बहुधा दुबळी राहते. कानशीने नाणे कापणाऱ्या लबाडाला ही समोरची कड ठाऊक नसते! हा पुरावा आम्हाला फार आवडतो. पुष्कळ साक्षीदारांपेक्षा तो प्रामाणिक आहे. तसेच, आपले नाणे वरची व खालची कड दोन बोटांत धरून फिरवले, तर मागची बाजूही सरळच दिसावयास हवी. ती कलंडलेली दिसली, तर ठसा आपल्या जागेवरून फिरला असे समजावे. झिजेने असे कधी होत नाही.

सालाजवळच्या चिन्हाविषयीही गैरसमज पुष्कळ. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका; कलकत्त्याचे नाणे चिन्हावाचूनच निघते. त्या कोऱ्या जागेलाच चूक मानून नाणे जपणारे सद्गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. उलट २००९ पासून चलनात आलेल्या दहाच्या नाण्याचे पाहा. रुपयाचे चिन्ह असलेले खरे की नसलेले, या शंकेने ठिकठिकाणच्या दुकानदारांनी चांगली नाणी परत केली, आणि जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की चौदाही नमुने कायदेशीर आहेत.

आता तो प्रसंग. आमच्या धानाच्या बांध्या करणारा वाटेकरी एके सकाळी एक रुपया घेऊन आला. सिंहांच्या तोंडांवरून एक आडवी रेघ गेलेली. मोबाइलवर तिचे छायाचित्र पाहून कोणा अनोळखी इसमाने पाच लाख कबूल केले होते. मात्र आधी 'नोंदणी' म्हणून अडीच हजार पाठवावयाचे होते. "गुरुजी, यात पोरीची फी निघल का?" एवढेच त्याने विचारले. आम्ही ते नाणे त्याच्याच नखाखाली दिले. रेघ आत गेलेली, आणि तिच्या दोन्ही काठांना धातू उसवून वर आलेला. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण पडत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे; तेही त्याला वाचून दाखविले. त्याला ते पटले. तो थोडा वेळ ओसरीवर बसून राहिला, आणि म्हणाला, "पण पोरीला सांगून बसलो ना मी."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलगीच आली. रेघेचा विषय तिने काढला नाही. बापाच्या गल्ल्यातली सारी चिल्लर आमच्या टेबलावर ओतून ती एकेक नाणे फिरवून पाहू लागली. तासाभराने दोन रुपयांचे एक नाणे तिने पुढे केले. मागची बाजू स्पष्टच कलंडलेली होती. टाकसाळीची चूक, निःसंशय! हौशी माणूस याचे थोडे अधिक देईल, फी निघण्याइतके मात्र नव्हे, असे आम्ही सांगितले. ते तिने विकले नाही. अडीच हजार त्याच आठवड्यात तुमसरच्या महाविद्यालयात भरले गेले. फीची बाकी अजून जमावयाची आहे.