म्हण आणि म्हणणारी

‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीची कन्नड जोड हवी असली, तर आमच्या विद्यार्थिदशेत धारवाडकडच्या कुणा ओळखीच्या प्राध्यापकांना जोडकार्ड टाकावं लागे. पंधरवडाभराने उत्तर येई. ‘कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते’, म्हणजे नाचता न येणारी म्हणे म्हणाली, जमीनच वाकडी. पण कार्डावर तेवढंच नसे. उरलेल्या जागेत, पार कडेपर्यंत, बारीक अक्षरात आणखी मजकूर असे: ही आमच्याकडे कोण कुणाला सुनावतं, तोंडावर म्हणतात की पाठीमागे, थट्टेत चालते की नाही.

आज तीच जोड फोनवर अर्ध्या मिनिटात मिळते, आणि एकटी मिळत नाही. हिंदी आणि बंगालीत आपल्यासारखंच अंगण वाकडं. तेलुगूत अंगण सुटलं आणि दोष मृदंगावर आला: ‘आडलेक मद्देल ओडु’. तमिळमध्ये कन्नडसारखीच ती नाचणारी बाई आहे, तर मराठीने नाचणारं कोण हे सांगितलेलंच नाही, त्यामुळे ती म्हण कुणालाही लागू पडते. इतक्या भाषांचा पट असा एकदम समोर यावा, हे आमच्या शिक्षकांचं स्वप्न होतं. ते खरं झालेलं पाहायला मी आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. कार्डाच्या कडेचा तो बारीक मजकूर मात्र आता कुठून येत नाही, आणि मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

म्हणी गोळा करणं हे तेव्हा आयुष्य मागणारं काम होतं. बार्देशातल्या आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद घ्या. कोकणीचे कोश करून झाले, पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या आशियाई शब्दांचा मोठा कोश करून झाला, आणि 1922 साली, म्हणजे ते वारले त्याच वर्षी, कोइंब्राहून त्यांचा कोकणी म्हणींचा संग्रह निघाला. प्रत्येक म्हणीचं पोर्तुगीज भाषांतर, स्पष्टीकरण आणि आशिया-युरोपातल्या इतर भाषांतल्या म्हणींशी तुलना, असा त्याचा घाट. तौलनिक म्हणी-अभ्यासाची सुरुवात शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही, ती गोव्याच्या माणसाने करून ठेवली आहे. त्याआधी 1899 मध्ये रेव्हरंड आल्फ्रेड मॅन्वेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डला छापला गेला होता. मुंबईच्या निर्णयसागरने 1900 पासून कर्नल जेकब यांच्या ‘लौकिकन्यायाञ्जलि’चे भाग काढले. काकतालीय, घुणाक्षर, सूचीकटाह हे शास्त्रीपंडितांच्या बोलण्यातले न्याय त्यात एकत्र आले. आणि दाते-कर्वे! यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी शब्दकोशाचे खंड पुरे केले आणि न थांबता ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ हाती घेतला. त्याचा पहिला भाग 1942 चा, दुसरा 1947 चा. देशात काय काय चाललं होतं त्या वर्षांत, आणि ही माणसं ‘अंगावर येणे’ आणि ‘अंगाशी येणे’ यांतला फरक नोंदवत बसली होती. त्या चिकाटीपुढे मी आजही नमते. पुढे विश्वनाथ दिनकर नरवणे यांनी 1961 मध्ये सोळा भाषांचा ‘भारतीय व्यवहार कोश’ केला, आणि पुण्याहून त्यांचा तीन खंडांचा ‘भारतीय कहावत संग्रह’ आला. भाषाभगिनी एका पानावर शेजारी शेजारी बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या त्याच पानांवर.

तिकडे युरोपातही हे असंच, माणसांच्या हट्टावर चाललेलं होतं. फिनलंडच्या मात्ती कूसी यांनी 1965 मध्ये ‘प्रोव्हर्बियम’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि 1972 मध्ये जगातल्या म्हणींचं वर्गीकरण कसं करता येईल याचा आराखडा मांडला. तो पुढे तडीस नेला त्यांच्या कन्येने, औती लाउहाकांगस यांनी, आणि संगणकावर सगळ्यांसाठी खुला केला. हंगेरीत व्हेस्प्रेमचे ग्युला पात्सोलाय हे मूळचे रसायनाचे. त्यांनी 1997 मध्ये युरोपातल्या 55 भाषांतल्या समान म्हणींचं पुस्तक काढलं आणि जोडीला अरबी, फारसी, संस्कृत, चिनी, जपानीही घेतल्या. सर्वाधिक भाषांत सापडणाऱ्या म्हणींत त्यांना ‘धूर तिथे आग’ ही अगदी वर दिसली. आपल्याकडे नैयायिकांनी अनुमानाचं उदाहरण म्हणून धूर आणि अग्नीच निवडला होता, हे आठवलं की ते पान वाचताना अंगावर रोमांच येतात. मॉस्कोत ग्रिगोरी पेर्म्याकोव यांनी तर 1970 च्या दशकात लोकांना म्हणींचा पहिला अर्धा भाग देऊन उरलेला पुरा करायला सांगितलं, आणि भाषा येते असं म्हणण्यासाठी किमान किती म्हणी याव्या लागतात ते त्यातून काढलं. आमच्या घरी दिवे गेले की मुलांचा हाच खेळ चाले. ‘आडात नाही तर...’ असं कुणी म्हणायचं, आणि पोहरा कधी न पाहिलेलं पोरही ‘पोहऱ्यात कुठून येणार’ म्हणून ओरडायचं.

या सगळ्या थोर संग्रहांत एक गोष्ट सहसा नसते: म्हण कुणी, कुणाला, कशावरून म्हटली. तेव्हा ती नसली तरी अडत नव्हतं. दाते-कर्व्यांनी म्हण आणि अर्थ दिला की बाकीचं वाचणाऱ्याच्या घरात होतंच, माजघरात आणि ओसरीवर.

हे मला उमगलं ते साताऱ्याकडच्या माझ्या आत्यामुळे. वही-पेन घेऊन मी तिच्यासमोर बसले आणि म्हणी सांग म्हणाले. ती म्हणाली, “म्हनी सांग म्हनून सांगत्यात व्हय गं? येळ आली की येती तोंडात.” आणि निवडायचे तांदूळ पुढे ओढले. संध्याकाळी डब्यातला गूळ कमी दिसला. कुणी काही विचारायच्या आतच तिचा नातू “मी न्हाई हं घेतला” म्हणत आला. मान वर न करता आत्या म्हणाली, “खाई त्याला खवखवे.” सगळे हसले, नातूही हसला, गुळाचा विषय मिटला.

कोशात पाहिलं तर याच अर्थाची ‘चोराच्या मनात चांदणे’ ही म्हणही मिळेल. तौलनिक तक्त्यात दोन्ही एकाच खणात बसतील, सोबत हिंदीतली चोराच्या दाढीतली काडी. पण आत्याने चोराची म्हण घेतली नाही. नातवाला ती चोर म्हणणार नव्हती. तिने सुरणासारखं काही खाऊन घसा खवखवणाऱ्या माणसाची म्हण घेतली, आणि चोरीला खाण्याएवढीच किंमत दिली. एका क्षणात, तांदळावरची नजर न काढता. माझ्या मते म्हणीचा अर्थ या निवडीत असतो. खणात बसतो तो त्याचा सांगाडा.

ही जाण अभ्यासकांना नव्हती असं नाही. ओजो अरेवा आणि अ‍ॅलन डंडेस यांनी 1964 मध्येच योरुबा म्हणींच्या आधारे मांडलं होतं की नुसता मजकूर गोळा करून भागत नाही, बोलण्याचा प्रसंग टिपला पाहिजे. तो सल्ला मान्य झाला, पण पाळला फार थोड्यांनी. मजकूर गोळा करणं सोपं असतं.

आणि प्रसंग हवा तो फक्त गोडव्यासाठी नव्हे. जुन्या संग्रहांत जातींना आणि बायकांना ओरबाडणाऱ्या म्हणी इतर म्हणींच्या शेजारी अकारविल्हे मुकाट बसलेल्या आहेत. मिनेके स्किपर यांनी जगभरातून बायकांविषयीच्या 15,000 वर म्हणी जमवल्या, तेव्हा एकमेकींचं नावही न ऐकलेल्या भाषा बायकांबद्दल किती सारखं बोलतात हे उघडं पडलं. अशी म्हण कोण म्हणत होतं आणि कोण खाली मान घालून ऐकून घेत होतं, हे लिहिलेलं नसेल तर ती ‘लोकांचं शहाणपण’ म्हणून पुढच्या पिढीच्या हाती जाते. जुन्या दिवसांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आता संगणकाला भाषा शिकवणारेही म्हणींकडे वळले आहेत. 2023 मध्ये इंग्रजी, जर्मन, रशियन, चिनी, इंडोनेशियन आणि बंगाली अशा सहा भाषांतल्या म्हणी घेऊन एक पाहणी झाली. त्यात मराठी नाही. निष्कर्ष असा की म्हण पाठ असणं वेगळं आणि संभाषणात ती कशासाठी आली हे कळणं वेगळं. त्या पाहणीतली यंत्रं या दुसऱ्या ठिकाणी अडखळली. मला यात नवल वाटलं नाही. आपण त्यांना जे लिहून ठेवलं तेच दिलं, आणि प्रसंग आपण लिहिलाच नव्हता. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतात, हा केवढा लाभ आहे. पण ज्या घरांच्या भरवशावर ते कोश अर्थापाशी थांबले, ती घरं पांगली आहेत.

साधनं मात्र आजच्याइतकी कधीच चांगली नव्हती. आत्याच्या वेळी माझ्यापाशी वहीच होती, आज प्रत्येकाच्या हाती आवाज टिपणारा फोन आहे. मी आता नोंद करते ती अशी. म्हण: पळसाला पाने तीनच. म्हणणारी: माझी मोठी वहिनी, वय सत्तरीपुढे, माहेर कराडकडचं. कुणाला: टोरांटोत नवीन नोकरी धरलेल्या लेकीला, व्हिडिओ कॉलवर. कशावरून: जुन्या ऑफिसातला साहेब खडूस म्हणून लेकीने नोकरी बदलली, तर नवाही तसाच निघाला. सूर: चिडका नाही, समजावणीचा. म्हण झाल्यावर वहिनी थोडं थांबली आणि “जेवलीस का?” असं विचारलं. लेकीने काय केलं: तक्रार थांबवली, भाजी कोणती केली ते सांगितलं. ‘जेवलीस का’ हेही मी नोंदीत ठेवते. उद्या कुणी या म्हणीची जोड जपानीत किंवा स्वाहिलीत शोधायला बसेल, तेव्हा तिथली म्हण दटावायला येते की धीर द्यायला, हे त्याला ताडून पाहावं लागेल, आणि मराठीची बाजू त्याला या नोंदीतून मिळेल.