औत सोडायची वेळ

आषाढात बेंदूर आला की कृष्णाकाठच्या गोठ्यांत आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. हळद आणि तेल-तूप हातावर घेऊन बैलाचा खांदा चोळायचा. वर्षभर जू घासून कातडं निबर होतं, नेमकी तीच जागा. दुसऱ्या दिवशी सणाचा थाट असतो. शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास, मग वाजतगाजत मिरवणूक. बाकी महाराष्ट्रात श्रावण संपताना पोळा येतो. आमच्या सातारा-सांगलीकडं त्याआधीच बेंदूर होऊन जातो. मला मात्र मिरवणुकीपेक्षा आदल्या रात्रीचं ते चोळणंच मोठं वाटतं. मुक्या जनावराचा शीण कुठं साठतो हे कुणीतरी निरखून पाहिलं असेल, त्याशिवाय असा विधी जन्माला येत नाही.

रानालाही असंच जपायचे. पीक निघालं की उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापत ठेवायचं. ढेकळं उन्हात पडलेली, वर एक हिरवी काडी नाही. नवख्याला वाटावं, मालकानं सोडून दिलंय. उसानंतर ताग पेरून फुलावर आला की गाडायचा, नाहीतर हरभरा करायचा. चांगला बेवड मिळाला की पुढचं पीक निराळंच येतं, हे शाळेत न गेलेला माणूसही सांगायचा. मग पाणी आलं, कारखाने आले, उसामागून ऊस आला आणि रान रिकामं ठेवणं म्हणजे नुकसान असं वाटायला लागलं. वाळवा, मिरज, पलूसच्या काळ्या जमिनीत पाटपाण्याचा मारा होत राहिला. पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले, पाणी उन्हानं उडून गेलं आणि मीठ तेवढं मागं राहिलं. पांढरा थर धरलेलं ते क्षारपड रान रस्त्यावरूनही दिसतं. तिथं आता चर खोदून, जमिनीखाली नळ्या टाकून पाण्याचा निचरा करावा लागतो. खर्चाचा भार शेतकऱ्यावरही.

सोमवारी औत धरायचं नाही, हा नियम कित्येक गावांत होता. वार महादेवाचा, नंदी महादेवाचा, म्हणून बैलाला सुट्टी. अमावास्येलाही तसंच. गावानं मिळून पाळायच्या अशा दिवसाला काही ठिकाणी मोडा म्हणतात. देवाचं नाव पुढं होतं, पण त्यामागची व्यवस्था मोठी हुशार होती. माझं औत सुटलेलं, तसं शेजाऱ्याचंही सुटलेलं. त्याचं रान माझ्या पुढं जाईल ही धास्ती नाही. कुणी चोरून जुंपलंच तर संध्याकाळी पारावर विषय निघायचा, आणि तेवढं पुरायचं. माणसाला बसायला जागा लागते, सावली लागते, हे खरंच. पण सगळ्यांत जास्त लागते ती ही खात्री, की आपण बसलोय तोवर बाकीचे पळत नाहीत.

ही खात्रीच आता उरलेली नाही. विश्रांती ज्याची त्यानं बघायची बाब झाली. थकलात? सुट्टी काढा, ध्यान करा, अमुक अ‍ॅप घ्या, रात्री दहाला फोन बाजूला ठेवा. सल्ला वाईट नाही. पण एकट्यानं फोन बाजूला ठेवला की त्याच घटकेला ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा निरोप येतो, खाली पाच जणांचे अंगठे उमटतात, आणि सहावा अंगठा कुणाचा नाही हे सगळ्यांना दिसतं. अशी विश्रांती अंगी लागत नाही. अंग पलंगावर, जीव ग्रुपवर.

घाटावरची माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा त्यांचा सोमवार गावीच राहिला. गिरणीला ना अमावास्या होती ना बेंदूर. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत साचा चालायचा. त्या माणसांना हक्काचा वार मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंड्यांनी. महात्मा फुल्यांचे ते सहकारी. (फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, ही ओढ मी लपवत नाही.) लोखंडे 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवायचे. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, हजारोंच्या सह्यांचे अर्ज सरकारदरबारी दिले आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा, हेही त्या मागणीला जोडलं गेलं असं सांगतात. पालीच्या यात्रेत भंडारा उधळलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागला नसेल. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे: लोखंड्यांनी कुठल्या एका थकलेल्या कामगाराची रजा मंजूर करून घेतली नाही. त्यांनी सगळ्यांचा भोंगा एकाच दिवशी बंद पाडला.

विश्रांतीला औषध म्हणून मानणारी ठिकाणंही सातारा-सांगली याच दोन जिल्ह्यांत होती. क्षयावर गोळी नव्हती तेव्हा डॉक्टरांच्या हातात हवा, सकस अन्न आणि पडून राहणं एवढंच होतं. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी 1912 मध्ये बेल एअर सॅनेटोरियम काढलं. इकडं सांगली-मिरजेच्या मधे मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांच्या नावानं वॉनलेसवाडी वसली, ती क्षयरुग्णांच्या सॅनेटोरियममुळं. पुढं 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि व्हरांड्यातल्या त्या खाटांचं महत्त्व हळूहळू ओसरलं. बरंच झालं. नुसत्या विश्रांतीनं सगळे बरे होत नव्हते, आणि या गोष्टीला उगाच गुलाबी रंग देण्यात अर्थ नाही.

मेंदूचं काय, हा प्रश्न राहतोच. आपल्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग असलेला हा अवयव शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो, आणि आपण काही न करता बसलो तरी त्याचं खाणं फारसं कमी होत नाही. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल यांनी 2001 मध्ये दाखवून दिलं की समोरचं काम थांबलं की मेंदूतले काही भाग उलट जास्त कामाला लागतात. मागचं आठवणं, पुढचं योजणं, जुळवाजुळव करणं हे त्या वेळात चालतं. ग. दि. माडगूळकरांना हे शास्त्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी पुण्या-मुंबईच्या चित्रपटांच्या धांदलीतून ते माणदेशातल्या आपल्या शेतावर, 'बामणाचा पत्रा' नावाच्या साध्या पत्र्याच्या घरात येऊन बसत. भोवती माळ, निंबाची झाडं आणि कसलीच घाई नसलेली माणसं. गदिमांनी किती लिहिलं हे मराठी माणसाला सांगायला नको.

पण गदिमांना शेत होतं आणि यायची मुभाही होती. सगळ्यांना कुठली? म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव जास्त जवळचं वाटतं. वस्ती तीन हजारांच्या आसपास, चारचौघांसारखं ऊसपट्ट्यातलं गाव. करोनात शाळा मोबाइलवर गेली, म्हणून घराघरात पोरांच्या हातात मोबाइल आला. शाळा पुन्हा उघडल्या तरी तो हातातून सुटेना. पोरांचं लक्ष लागत नाही, ही मास्तरांची तक्रार. आणि घरी मोठी माणसंही तेच करत होती, कुणी मालिकेपुढं, कुणी मोबाइलपुढं. मग सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढं मांडला. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार हिंडले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो; टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. मधल्या दीड तासात पोरं पुस्तकं उघडतात, मोठी माणसं वाचतात नाहीतर एकमेकांशी बोलतात.

सुरुवातीला लोक हसले. हसणारच. पण या गावानं जुन्या मोड्याचं मर्म बरोबर पकडलंय असं मला वाटतं. दीड तास हा काही फार मोठा वेळ नव्हे. एकेकट्या घरानं तेवढाच वेळ ठरवला असता तर चार दिवसांत मोडला असता, कारण पोरानं लगेच विचारलं असतं, 'शेजारच्याकडं चालूय, मग आपल्याकडं का नाही?' भोंग्यानं तो प्रश्नच काढून टाकला. बापालाही कारण मिळालं. सात ते साडेआठ फोन का उचलला नाहीस, असं कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, आमच्या गावात वाजतो तो भोंगा.

एक गोष्ट मात्र बोचते. बेंदराला बैल सुटतात, घरचे गडी सुटतात, आणि पुरण वाटायला बाई पाट्यापाशी असते. सात ते साडेआठ ही स्वयंपाकाचीच वेळ. वडगावच्या बायकांनी ठराव केला, मालिका सोडल्या. भाकरी मात्र त्यांनाच थापाव्या लागत असतील, असा माझा अंदाज. आणि ऊसतोडीला आलेल्या जोडप्याला तर भोंगा, सोमवार, अमावास्या काहीच नाही. उचल घेतलेली असते, त्यामुळं खाडा झाला की दंड. बाळंतपण असो की ताप, कोयता चालू. लोखंड्यांनी 1890 मध्ये जे मिळवलं ते या फडात अजून पोचलेलं नाही.

तेव्हा तुमच्या गावात ग्रामसभा असेल, शहरात सोसायटीची बैठक असेल, तर पाण्याची टाकी आणि पार्किंगच्या खाली हाही एक विषय लिहा: रोज कधी थांबायचं, सगळ्यांनी मिळून. भोंगा विकत आणणं सोपं आहे. त्या दीड तासात चुलीपाशी कोण असेल आणि फडातल्या माणसांना तो भोंगा लागू आहे की नाही, हेही त्याच बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.