हरवलेली ताकद

बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी खंबाटकी घाटात धापा टाकू लागली, तेव्हा घरात एकच सूर होता, विकून टाका. मला मात्र तिची ताकद वाढवायची होती. स्वप्न दोन कार्बोरेटरचं आणि पगार कंटेंट रायटरचा! मिस्त्रीकाका हसले. "अगं पोरी, १०८९ सीसीचं इंजिन, नवं असतानाच चाळीसेक अश्वशक्तीचं. आधी हरवलेली ताकद तर परत आण."

कॉम्प्रेशन कमी होतं. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकताच आकडा चढला. म्हणजे रिंगा झिजलेल्या. मग बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा आणि व्हॉल्व्ह घासून बसवणं, एवढंच केलं.

परवा गाडी न थांबता घाट चढली. वर पोचल्यावर बाबांनी बॉनेटवर हात फिरवला. विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही.