कानातलं हवामान खातं

कानाचे उपयोग आमच्या लहानपणी तीनच होते. मास्तरांनी पिरगाळायचा, सोनारानं टोचायचा आणि नातेवाइकांनी फुंकायचा. उरलेल्या वेळात त्यानं ऐकलं तर ऐकलं. माणूस दोन पायांवर उभा राहतो तो कानाच्या कृपेनं, हे आमच्या डाव्या कानानं मला सांगितलं, तेही लोणंदच्या कांदा बाजारात, ऐन लिलावाच्या वेळी.

आधी कान गच्च भरला. मग आत कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला. आणि मग समोरचा कांद्याचा ढीग, त्यामागचा आडत्या, त्यामागचा ट्रक आणि वरचं आभाळ अशी सगळी मंडळी फेर धरून निघाली. मी शेजारच्या पोत्याला मिठी मारली. लोकांनी नाकाला कांदा लावला. (बाजारात कांद्याला काय तोटा!) दोन तासांनी जग पुन्हा आपापल्या जागी येऊन बसलं.

पुण्याच्या कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी निदान केलं, ‘मेनिएरचा आजार’. नाव ऐकून सौभाग्यवतींना जरा बरं वाटलं. चारचौघांत सांगण्यासारखं होतं. प्रॉस्पर मेनिएर या पॅरिसच्या डॉक्टरांनी १८६१ साली सांगितलं, की अशी चक्कर मेंदूतून नव्हे, आतल्या कानातून येते. तोवर डोक्यात रक्त साचलं असं समजून रोग्याचं रक्त काढत. त्या मानानं मी गोळ्यांवर सुटलो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो. डोकं हललं की द्रव हलतो आणि मेंदूला तोलाची वर्दी जाते. या आजारात आतला द्रव वाढून फुगवटा येतो आणि खोट्या वर्द्या जाऊ लागतात. झटका वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत राहतो. शिवाय वारंवार येणारा हा पाहुणा निघताना थोडं थोडं ऐकू येणंही पिशवीत घालून नेतो.

‘‘पण कशानं होतं?’’ हिनं विचारलं.

‘‘मूळ कारण नक्की सांगता येत नाही. झटका कशानं उठतो ते मात्र माणसागणिक वेगळं. तुम्ही एक वही ठेवा,’’ डॉक्टर म्हणाले.

झालं! वही आली. चैत्र-वैशाखात झटके दोन. संशयित : लोणचं, पापड, सांडगे. मीठ कमी करा, असं सगळेच डॉक्टर सांगतात. गंमत म्हणजे २०१८ साली जगभरचं संशोधन चाळणाऱ्यांना त्याचा धड पुरावा सापडला नाही. पण ही बातमी मी घरात सांगताच आमटी आणखी अळणी झाली. आमचे शेजारी, संस्कृतचे निवृत्त शिक्षक, म्हणाले, ‘‘गावाच्या नावातच लोण आहे हो, तुम्ही कुठवर पळणार?’’ व्युत्पत्तीची जबाबदारी त्यांची.

मृगात झटके तीन. आमच्याकडे पाऊस घाटमाथ्यावरच रिकामा होतो, आम्हाला नुसते ढग दाखवतो. पण कानाला तेवढं पुरतं. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासातही हवेचा दाब उतरला आणि दमटपणा वाढला की या रोग्यांचा त्रास वाढल्याचं दिसलं होतं. तेव्हापासून गल्लीतले लोक पेरणीपूर्वी मला विचारू लागले, ‘‘दादा, कान काय म्हणतोय?’’

दिवाळीत चिवडा आणि जागरण. पौषात काही नाही. माघात मीठ नव्हतं, ढग नव्हते, जागरण नव्हतं, तरी झटका आला. त्या दिवशी फक्त मेहुणे आले होते. मानसिक ताण हे कारण डॉक्टरही मानतात, पण ते पान मी हिला दाखवलं नाही.

हळूहळू वहीचं पंचांग झालं. ही रोज सकाळी आभाळ पाहून फळ सांगायची. ‘‘अहो, आज बाहेर पडू नका.’’ लग्नं सुटली, एस.टी. सुटली, विहिरीवर जाणं सुटलं. झटके वर्षाला आठ-नऊ, आणि घरात बसणं तीनशे दिवस! चक्कर परवडली, पण हिशेब आवरा, असं झालं.

तेवढ्यात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी आली. ढग, गर्दी, जागरण, चहा, पंगत, म्हणजे वहीतले सगळे आरोपी एका मांडवात. मला तरडगावच्या वाटेवरच्या चांदोबाच्या लिंबापर्यंत चालायचं होतं. मी हिला अ‍ॅलन शेपर्ड यांची गोष्ट सांगितली. याच आजारानं त्या अमेरिकन अंतराळवीराला जमिनीवर बसवलं होतं. कानावर शस्त्रक्रिया करून ते १९७१ साली थेट चंद्रावर गेले आणि तिथं गोल्फ खेळून आले.

‘‘ते चंद्रावर गेले, मी चांदोबापर्यंत तरी जातो.’’

ही बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘गोळ्या घ्या. आणि मी येणार.’’

वाटेत ही माझ्या उजवीकडून चालत होती. शास्त्राप्रमाणे बायको वामांगी, पण डाव्या कानाला आता तिचं बोलणं नीट पोचत नाही, हे मी न सांगता तिनं ताडलं होतं. रिंगणात हजारो टाळ एकदम वाजले. उजवा कान भरून गेला, आणि डाव्यालाही लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा, तो नाद आला. अश्व दौडत गेला. मी समोरच्या झाडावर नजर ठेवून होतो. झाड जागचं हललं नाही.

झटका आला पाचव्या दिवशी. स्वच्छ ऊन, अळणी आमटी, रात्रभर झोप, हातात वर्तमानपत्र. वहीत ‘कारण’ या रकान्यात काय लिहू, असं हिला विचारलं.

‘‘लिहा, पालखी पुढे गेली,’’ ती म्हणाली.